पैसा कोणाचा, होकार कोणाचा : राजकीय देणग्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि दारूगोळा घेऊन घाट चढला. पन्हाळ्याच्या पायथ्याशी इंग्रजांचे निशाण फडकवून त्याने किल्ल्यावर गोळे डागले. वखारीचा धंदा मिरी, कापड आणि देण्याघेण्याचा. किल्ले घेणे हे काही तिचे काम नव्हते. पण विजापूर दरबाराची मर्जी संपादन झाली तर थकलेली येणी वसूल होतील आणि सवलती मिळतील, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. पन्हाळ्यावरून शिवाजी महाराज निसटले आणि १६६१ च्या मार्चमध्ये राजापुरावर आले. वखार खणली गेली, इंग्रज कैदेत पडले आणि त्यांतल्या शेवटच्यांची सुटका व्हायला १६६३ साल उजाडले. सुटकेसाठी त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा उत्तर आले ते कोरडे होते : कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडला गेला नाहीत, पन्हाळ्यावर स्वतःहून जाऊन गोळे डागलेत, त्याचे हे फळ आहे.

इतिहासकार ही हकिकत मराठे-इंग्रज संबंधांच्या प्रकरणात सांगतात. मला ती दुसऱ्याच शास्त्राच्या दारावर लावावीशी वाटते. एका व्यापारी कंपनीने एका राजकीय पक्षाला केलेल्या वस्तुरूप मदतीचे आपल्या भागातले इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. मदत कशाच्या अपेक्षेने झाली, हे कागदावर आहे. तोफ कंपनीची, निशाण कंपनीचे, जोखीम लंडनच्या भागधारकांची, आणि निर्णय मात्र राजापुरात बसलेल्या दोन-चार नोकरांचा. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला, तेव्हाही कंपनीच्या मागण्यांत राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय होताच.

कामगार संघटना, कंपन्या आणि व्यापारी संघ राजकारणाला पैसा देतात त्याचा अभ्यास करायला निघालेल्या वाचकाचे स्वागत करताना मी हेच तीन प्रश्न त्याच्या हाती ठेवतो. देणाऱ्याला काय हवे होते? पैसा खरा कोणाचा होता? आणि ज्याचा होता त्याला कोणी विचारले का? पहिल्या प्रश्नावर वर्तमानपत्रे भरपूर लिहितात. दुसऱ्यावर न्यायालये अधूनमधून बोलतात. तिसरा प्रश्न मात्र ओसाड पडला आहे आणि माझ्या मते या क्षेत्रातले सगळ्यांत सुपीक रान तेच आहे.

सुरुवात कामगारांपासून करू, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने पहिल्यांदा त्यांच्याच बाबतीत दिले. त्याचे मूळ इंग्लंडात आहे. ऑस्बोर्न नावाच्या रेल्वे पोर्टरने स्वतःच्याच संघटनेविरुद्ध दावा लावला. तो मताने लिबरल होता आणि आपल्या वर्गणीतून मजूर पक्षाला पैसा जावा हे त्याला मान्य नव्हते. १९०९ च्या डिसेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि युनियनांचा राजकीय खर्च एका फटक्यात बेकायदा ठरला. त्या काळी ब्रिटिश खासदारांना पगार नव्हता. मजूर पक्षाचे खासदार युनियनच्या पैशावर जगत. त्यामुळे कोंडी मोठी झाली. १९११ मध्ये खासदारांना वेतन सुरू झाले आणि १९१३ मध्ये तोडगा निघाला : युनियनने राजकीय निधी वेगळा ठेवावा आणि ज्याला द्यायचे नाही त्याने तसे लिहून द्यावे. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर चिडलेल्या सरकारने १९२७ मध्ये ते उलटे केले : ज्याला द्यायचे आहे त्याने लिहून द्यावे. १९४६ मध्ये मजूर सरकारने ते पुन्हा फिरवले आणि २०१६ मध्ये हुजूर पक्षाने नव्या सभासदांपुरते परत उलटवले. अर्जावर खूण कोणी करायची, एवढ्या एका बाबीवर शंभर वर्षे सरकारे भांडत आली आहेत. कारण माणूस आळशी असतो आणि त्या आळसाची किंमत पक्षांना पक्की ठाऊक असते.

हिंदुस्थानात कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण मिळावे म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ मध्ये ठराव मांडला तो नारायण मल्हार जोशी यांनी. जोशी कोकणातल्याच गोरेगावचे. त्या धडपडीतून आलेल्या १९२६ च्या ट्रेड युनियन्स कायद्याचे सोळावे कलम प्रत्येक अभ्यासकाने एकदा सावकाश वाचावे. युनियनला स्वतंत्र राजकीय निधी उभारता येतो. त्यातून उमेदवाराचा खर्च करता येतो, सभा घेता येतात, पत्रके वाटता येतात, निवडून आलेल्या माणसाच्या चरितार्थाचीही सोय करता येते. पण या निधीला पैसे देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. न देणाऱ्याचे इतर लाभ काढून घेता येत नाहीत. आणि हा पैसा देण्याच्या अटीवर कोणाला सभासद करून घेता येत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हीच चौकट पुढे चालवली आहे.

कागदावरची ही व्यवस्था सुरेख आहे. तरीही युनियनच्या राजकीय निधीचे आकडे जुळवून मुंबईचे कामगार राजकारण समजेल असे ज्याला वाटते, त्याची निराशाच होईल. युनियनने राजकारणाला जे दिले ते रोख रकमेत फारसे दिलेच नाही. तिने माणसे दिली, मोर्चे दिले, चाळीचाळींतून मतदार बाहेर काढले. १९५७ मध्ये श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले आणि १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही डॉ. दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून निवडून आले, ते काही निधीच्या बळावर नव्हे.

आणि इथे राजापूरच्या वाचकाला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती त्याच्या घरातली आहे. मुंबईच्या गिरण्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे फार मोठ्या संख्येने होती. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. युनियनच्या तिजोरीत एवढ्या माणसांना पोसण्याइतका पैसा कधीच नव्हता. संप लांबला की कामगार जैतापूरच्या बोटीने, नंतरच्या काळात एसटीने गावी येई आणि भातावर, नाचणीवर, घरच्या बाईच्या राबण्यावर तग धरी. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाच्या इतिहासात गावाशी असलेल्या या नात्याचे महत्त्व फार बारकाईने दाखवले आहे : गावाची ओढ ही कामगाराच्या लढाऊपणाच्या आड येणारी गोष्ट नव्हती, त्याच्या टिकून राहण्याचा आधार होती. मग मी विचारतो, मुंबईच्या कामगार चळवळीचा सर्वांत मोठा देणगीदार कोण? कोणत्याही वहीत नोंद नसलेला, पावती न मिळालेला, असा तो कोकणातला उंबरा आहे. त्याचा होकार कोणी विचारला नव्हता. मनीऑर्डर थांबली, एवढेच त्याला कळले. कोणा तरुण अभ्यासकाने लांजा-राजापूरच्या वाड्यांतून संपकाळातल्या पतपेढ्यांच्या आणि वाण्यांच्या उधारीच्या वह्या मिळवल्या, तर या विषयात भर पडेल ती दिल्लीच्या ग्रंथालयात बसून पडणार नाही.

आता कंपन्या. हा भाग लांब आहे आणि त्याची सुरुवात मुंबई उच्च न्यायालयात होते.

१९५७ हे साल राजापूरच्या लोकांना बॅरिस्टर नाथ पै पहिल्यांदा लोकसभेत गेले म्हणून आठवेल. त्याच साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रात राजकीय पक्षांना देणगी देता येईल अशी दुरुस्ती करायची होती आणि एका भागधारकाने तिला विरोध केला. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून न्यायालयाने कंपनीला अडवले नाही. पण छागलांनी निकालपत्रात संसदेला जो इशारा दिला, तो पुढच्या साठ वर्षांच्या प्रत्येक निकालात आणि अहवालात डोकावतो : मोठ्या धनाढ्य कंपन्यांनी पक्षांना पोसणे हा लोकशाहीला धोका आहे आणि संसदेने त्याचा वेळीच विचार करावा. त्याच वर्षी कलकत्त्यात इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या अशाच अर्जावर न्यायमूर्ती पी. बी. मुखर्जी यांनीही चिंता व्यक्त केली. आपल्याकडे हा प्रश्न पोलाद कंपन्यांनी न्यायालयात नेला, यात आश्चर्य नाही. परवान्याच्या राज्यात पोलादाचा भावही सरकार ठरवत होते.

संसदेने विचार केला, पण तिला जमेल तेवढाच. १९६० मध्ये कंपनी कायद्यात मर्यादा आली : पंचवीस हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांत जे जास्त असेल ते. १९६४ मध्ये संथानम समितीने भ्रष्टाचाराचा विचार करताना कंपन्यांच्या देणग्या सरळ बंद करा म्हटले. मधल्या काळात स्वतंत्र पक्ष जोमात आला होता. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना पत्र लिहून कळवले की काँग्रेसबरोबरच स्वतंत्र पक्षालाही आम्ही मदत करणार आहोत. आजच्या वाचकाला हे पत्र परग्रहावरून आल्यासारखे वाटेल. १९६७ मध्ये स्वतंत्र पक्ष ४४ जागा घेऊन लोकसभेत बसला आणि १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. तत्त्व उदात्त होते. मुहूर्त मात्र विरोधकांची रसद तोडण्याचा होता.

बंदीने पैसा थांबला नाही, त्याची वाट बदलली. धनादेश गेला आणि ब्रीफकेस आली. अमेरिकी अभ्यासक स्टॅन्ली कोचानेक यांनी या काळाला ब्रीफकेसचे राजकारण म्हटले. आपल्या लोकांनी नंतर पेटी आणि खोका अशी मापेच ठरवून टाकली. वांछू समितीने १९७१ मध्येच काळा पैसा आणि निवडणुकीचा खर्च यांचा संबंध दाखवला होता. त्यात १९७४ ची भर पडली. कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. सरकारने लगेच वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. आजही महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. पक्षाला कसलीच नाही. या विसंगतीवर न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली जयप्रकाशांनी नेमलेल्या समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. निवडणूक सुधारणांवरच्या नंतरच्या सगळ्या अहवालांचा तो थोरला भाऊ आहे.

बंदीच्या काळातले महाराष्ट्राचे सर्वांत बोलके प्रकरणही कोकणच्याच मुख्यमंत्र्याचे. बॅरिस्टर अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला, म्हणजे साहित्यिक-कलावंतांना मदत करण्यासाठी काढलेल्या न्यासाला, मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांनी देणग्या दिल्या आणि त्यांना टंचाईच्या दिवसांत सिमेंटचा कोटा मिळाला. १९८१ च्या ऑगस्टअखेरीस ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी ते उघड केले. १९८२ च्या जानेवारीत न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध मान्य केला, आणि मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढची फौजदारी प्रकरणे वर्षानुवर्षे चालली. ती वाट वेगळी. अभ्यासकाने सिमेंटवर थांबू नये. याच न्यासासाठी सहकारी साखर कारखान्यांकडून उसाच्या टनामागे पैसे घेतले गेले. बिल्डरने स्वतःच्या फायद्यासाठी स्वतःचा पैसा दिला, त्यात निदान व्यवहार आहे. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलातून त्याला न विचारता गेलेला पैसा हा माझ्या दृष्टीने त्या प्रकरणाचा अधिक गंभीर भाग होता, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने बंदी उठवली. सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देता येईल, सरकारी कंपन्यांना आणि तीन वर्षे न झालेल्या कंपन्यांना मात्र देता येणार नाही, आणि संचालक मंडळाचा ठराव हवा. इथे थांबून सोळाव्या कलमाशी ताडून पाहावे. गिरणीत दोरे जोडणाऱ्या कामगाराच्या वर्गणीतून राजकारणाला पैसा जायचा तर त्याची वेगळी संमती हवी. कंपनीत ज्याची पुंजी अडकली आहे त्या भागधारकाला मात्र विचारायची गरज नाही. संचालक मंडळाचा ठराव पुरे. ब्रिटनने २००० च्या कायद्यापासून भागधारकांचा ठराव बंधनकारक केला. आपण २०१३ च्या कंपनी कायद्यात मर्यादा साडेसात टक्क्यांवर नेली आणि संमतीचा प्रश्न होता तिथेच ठेवला. भागधारकाला नको असेल तर त्याने शेअर विकून जावे, असा यावर युक्तिवाद होतो. ज्याचा भविष्यनिर्वाह निधी नकळत शेअर बाजारात गुंतवला गेला आहे त्याने काय विकावे, हे तो युक्तिवाद सांगत नाही.

निवडणूक रोख्यांबद्दल गेल्या काही वर्षांत इतके छापून आले आहे की मी त्वरेने पुढे जाणार आहे. २०१७ च्या वित्त कायद्याने नफ्याची मर्यादा काढली, त्यामुळे तोट्यातली कंपनीही देणगी देऊ लागली. कोणत्या पक्षाला दिले हे हिशेबात लिहिण्याची अटही गेली. रोख्यांची योजना २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाली, एकूण सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते घटनाबाह्य ठरवले. नावे बाहेर आल्यावर चर्चा कोणी कोणाला किती दिले याची झाली, ते स्वाभाविकच. पण निकालातला कंपनी कायद्यावरचा भाग जास्त टिकाऊ आहे : माणसाची देणगी आणि कंपनीची देणगी एका मापाने मोजता येत नाही, कंपनीची देणगी हा निखळ व्यवहार असतो, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले आणि साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली.

रोखे गेले, निवडणूक न्यास राहिले. १९९६ मध्ये टाटांनी असा पहिला न्यास काढला, २०१३ मध्ये सरकारने त्यांची योजना केली. अनेक कंपन्या एका न्यासात पैसा टाकतात, न्यास मिळालेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के त्याच वर्षी पक्षांना वाटतो. देणाऱ्यांची यादी मिळते, घेणाऱ्यांची यादी मिळते. कोणाचा रुपया कोणाकडे गेला ते दोन्हींच्या मध्ये विरघळते. राजापूरच्या गंगेसारखे आहे हे : पाणी आले की सगळ्या कुंडांत दिसते, पण कुठून आले ते कोणी छातीठोक सांगत नाही.

व्यापारी संघांचा भाग सर्वांत निसरडा आहे. अमेरिकेत कंपन्यांना उमेदवारांना थेट देणगी देण्याची मनाई १९०७ पासून आहे, युनियनांना १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यापासून. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर दोघांनाही स्वतंत्र प्रचारावर वाटेल तितका खर्च करता येतो. त्यात व्यापारी संघांची चलती झाली, कारण संघाने खर्च केला की सभासद कंपन्यांची नावे झाकली जातात. आपल्याकडे संघ सहसा स्वतःच्या नावाने पावती फाडून घेत नाही. बाजारपेठेतला व्यापारी सगळ्या उमेदवारांना थोडे थोडे देऊन मोकळा होतो, संघाचे पदाधिकारी फक्त कोणाला किती याचा अंदाज सांगतात. जुन्या काळी हे उजळ माथ्याने होई. १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडाला कोटी रुपये जमले त्यात चार आण्यांचा सभासद होता आणि तीन लाख देणारे अर्देशीर गोदरेजही होते. नावे, रकमा वर्तमानपत्रांत छापून येत. ब्रिटिश सरकारचा रोष ओढवेल हे माहीत असूनही दाते नाव लपवत नसत. स्वराज्यात दात्याला गुप्तता हवीशी वाटते, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला अजून कोणाच्या पुस्तकात सापडलेले नाही.

कोकणात मात्र पैशाचा ओघ उलट दिशेनेही वाहतो, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत याला प्रकरण नाही. मुंबईतली गावोगावची ग्रामस्थ मंडळे पक्षांना देत नाहीत, पक्षांकडून घेतात : मंडप, क्रिकेटच्या स्पर्धेचा करंडक, देवळाच्या जीर्णोद्धाराला हातभार, आणि गणपतीला गावी जाण्यासाठी मोफत गाड्या. हा खर्च कोणता ठेकेदार, कोणता बिल्डर उचलतो ते बॅनरवर लिहिलेले नसते. कायद्याच्या दृष्टीने तो निवडणूक खर्चही नाही, कारण उमेदवाराचा खर्च अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच मोजला जातो. गणपती भाद्रपदात येतात आणि महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक अलीकडे दर वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली आहे. पंचांग आणि निवडणूक कायदा शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक हवा आहे.

राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नकाशावरून गेला, पण या विषयाच्या इतिहासात त्याला जागा आहे. १९५७ ते १९७१ नाथ पै, १९७१ पासून १९९१ पर्यंत मधू दंडवते. कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आल्यानंतरची पहिली लोकसभा निवडणूक १९७१ ची, आणि तीच दंडवत्यांची पहिली. समाजवाद्यांच्या सभेत झोळी फिरत असे, कार्यकर्ते घरची भाकरी बांधून फिरत. त्या आठवणींना आज सोनेरी मुलामा चढला आहे आणि अभ्यासकाने तो थोडा खरवडून पाहावा, कारण झोळीतही कोणी किती टाकले याचा हिशेब क्वचितच छापला गेला. तरी एवढे खरे की लहान रकमांवर, मोठ्या दात्याविना, एक मतदारसंघ तीन दशकांहून अधिक काळ राखता आला. दंडवते अर्थमंत्री असताना, १९९० मध्ये, दिनेश गोस्वामी समितीने कंपन्यांच्या देणग्या पुन्हा बंद कराव्यात आणि सरकारने वस्तुरूप मदत द्यावी असे सुचवले. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीनेही मान्यताप्राप्त पक्षांना वस्तुरूप सरकारी मदतीचीच शिफारस केली. गुप्ता स्वतः जन्मभर कामगार चळवळीतले. दोन्ही अहवाल धूळ खात आहेत.

आजच्या राजापुरात प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. माडबनचा अणुऊर्जा प्रकल्प सरकारी कंपनीचा. नाणारसाठी २०१७ मध्ये निघालेल्या आणि पुढे बारसू-सोलगावकडे वळलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे मूळ प्रवर्तकही तीन सरकारी तेल कंपन्या. सरकारी कंपनीला पक्षाला एक रुपयाही देता येत नाही. म्हणून या दोन प्रकल्पांपुरता विषय संपतो असे नाही. अमेरिकेत केंद्र सरकारचे कंत्राट असलेल्याला देणगी देण्याची मनाई आहे. आपल्याकडे सरकारी कंपनीकडून हजारो कोटींचे काम मिळवणाऱ्या खासगी कंत्राटदाराला तशी आडकाठी नाही, आणि प्रकल्प जाहीर होण्याआधी जमिनी घेऊन ठेवणाऱ्याला तर नाहीच. कायद्याची ही फट कोणावर आरोप न करताही दाखवता येते, आणि मोठे प्रकल्प जिथे जिथे येतील तिथल्या लोकांना ती दाखवणे हे या अभ्यासाचे काम आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने काय वाचावे? कोचानेक यांचे उद्योग आणि राजकारणावरचे १९७४ चे पुस्तक, देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी संपादित केलेला २०१८ चा लेखसंग्रह आणि चंदावरकर, ही तीन घरात असावीत. मराठीत कामगार चळवळीवर विपुल आणि पक्षनिधीवर जवळजवळ काहीच नाही, ही उणीव तुम्ही भरून काढायची आहे. पण पुस्तकांच्या आधी कागद पाहावेत. वीस हजारांहून अधिक देणगी देणाऱ्यांची पक्षांनी दिलेली यादी निवडणूक आयोगाकडे असते. कंपनीच्या वार्षिक अहवालात नफा-तोटा पत्रकापाशी देणगीची नोंद असते. आणि नोंदणीकृत युनियनने निबंधकाला दरवर्षी जे विवरण द्यायचे त्यात राजकीय निधीचे खाते वेगळे दाखवावे लागते. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या युनियनचे ते विवरण मागून पाहा, आणि तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे पाच-दहा शेअर असतील तर तिच्या वार्षिक सभेत उठून विचारा : या वर्षी कोणत्या पक्षाला किती दिले, आणि आम्हाला का विचारले नाही? तुम्हाला मिळेल ते उत्तर तारखेनिशी लिहून ठेवा. मराठीत या विषयाची साधने अशीच जमवावी लागणार आहेत.